सीआरपी, ईएसआर आणि इतर मंडळी: दाहाचा रिपोर्ट वाचायचा कसा

डॉक्टरांची वेळ संध्याकाळची असते आणि रिपोर्ट मात्र दुपारीच मोबाइलवर येऊन पडतो. एका आकड्यापुढे लाल बाण. मग मधल्या चार तासांत माणूस शोधाशोध करत बसतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला संधिवातापासून कॅन्सरपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. रक्त तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. 'हे वाढलंय म्हणजे नेमकं काय हो?' असे फोन सगळ्यात जास्त येतात ते ईएसआर (तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते) आणि सीआरपी (दाहात वाढणारं रक्तातलं एक प्रथिन) या दोन चाचण्यांसाठी. त्या मधल्या चार तासांत काय बघायचं आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: मोजलंय काय, ते समजून घ्या

जखम होवो, जंतू शिरोत, नाहीतर शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटो, त्या जागी जो उठाव होतो त्याला दाह म्हणायचं. ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, दुखते. तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या रक्तात सोडतात. तो यकृतापर्यंत पोचला की यकृत आपल्या कामाचा क्रमच बदलून टाकतं. सीआरपी, फायब्रिनोजेन, फेरिटिन या प्रथिनांचं उत्पादन वाढतं. अल्ब्युमिन आणि ट्रान्सफेरिन यांचं कमी होतं. दाहाच्या बहुतेक चाचण्या यकृताच्या या बदललेल्या कामाचं मोजमाप करतात.

म्हणजे आपण मोजतो ते यकृताचं उत्तर, मूळ जागेवरचं भांडण नव्हे. म्हणूनच सीआरपी दाताच्या मुळाशी झालेल्या गळवामुळे वाढला की फुप्फुसातल्या न्यूमोनियामुळे, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. डोंगरावर धूर दिसतो म्हणजे तिथे अग्नी आहे, हे तर्कशास्त्रातलं जुनं उदाहरण. तिथवर बरोबर. पण तो चुलीचा धूर की वणव्याचा, हे बघायला डोंगर चढावाच लागतो. डॉक्टर पोट दाबून बघतात, छाती ऐकतात, फोटो काढायला सांगतात, ते याचसाठी. आणि यकृतच निकामी होत आलं असेल तर आत वणवा असूनही धूर दिसत नाही. अशा रुग्णात गंभीर जंतुसंसर्ग असूनही सीआरपी अपेक्षेइतका चढत नाही.

दुसरी पायरी: एकक बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात. सीआरपी काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तर काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. एका प्रयोगशाळेतला ४.८ आणि दुसरीकडचा ४८ हे एकच रक्त असू शकतं. मागच्या महिन्याचा रिपोर्ट एका एककात आणि या महिन्याचा दुसऱ्या एककात असेल, तर काहीही न घडता 'दहापट वाढ' झालेली दिसते. असा घाबरून आलेला फोन मी एकदा नव्हे, अनेकदा घेतला आहे. या लेखात सगळीकडे सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच धरला आहे.

शेजारच्या रकान्यात संदर्भ मर्यादा छापलेली असते. सीआरपीसाठी ती बहुधा ५ पेक्षा कमी किंवा १० पेक्षा कमी अशी असते. ती तुमच्याच रिपोर्टवरची बघा, दुसऱ्याच्या नको.

तिसरी पायरी: आकड्याशेजारी वेळ लिहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि रिपोर्टवर तिच्यासाठी रकाना नसतो.

सीआरपीचा शोधच मुळी वेळेच्या निरीक्षणातून लागला. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्तद्रव तपासत होते. न्यूमोकोकस जिवाणूपासून वेगळा काढलेला 'सी' नावाचा शर्करायुक्त भाग त्यात मिसळला की साका बसायचा. रुग्ण ऐन तापात असताना साका बसे. ताप उतरून माणूस बरा झाला की त्याच माणसाच्या रक्तात बसत नसे. त्या 'सी'वर प्रतिक्रिया देणारं प्रथिन म्हणून नाव पडलं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन.

आजच्या रिपोर्टमध्येही तीच गोष्ट दिसते. दाह सुरू झाल्यावर साधारण सहा तासांनी सीआरपी वाढू लागतो, दीड-दोन दिवसांत शिखर गाठतो आणि कारण संपलं की झपाट्याने उतरतो. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य सुमारे १९ तासांचं आहे, म्हणजे यकृताने उत्पादन थांबवलं तर एका दिवसाच्या आत आकडा निम्मा होतो.

समजा, एखाद्याला पहाटे दोनला हुडहुडी भरून ताप आला आणि सकाळी सहाला रक्त दिलं. सीआरपी ९ आला. घरचे म्हणतात, 'चला, काही विशेष नाही.' दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आकडा १२० होतो. चूक प्रयोगशाळेची नाही आणि आजारही एका रात्रीत दुसरा झालेला नाही. पहिला नमुना यकृताला निरोप पोचता पोचताच घेतला गेला होता. आता पुढचं बघा. औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी १३०. इथे लोक हबकतात. पण पहिल्या मात्रेनंतरही काही तास उत्पादन चालूच असतं, त्यामुळे एवढी वाढ चालते. चौथ्या दिवशी ७०, पाचव्या दिवशी ३५ आला तर औषध लागू पडतंय. चौथ्या आणि पाचव्या दिवशीही १३०च्या आसपासच रेंगाळला तर मात्र डॉक्टर विचार बदलतात: जंतू या औषधाला जुमानत नाही का, कुठे पू साठलाय का, की मुळात आजार वेगळाच आहे?

शस्त्रक्रियेनंतरचं वाचन याच हिशेबाने करतात. टाके घालणं हीसुद्धा शरीराच्या लेखी जखमच, तेव्हा सीआरपी चढणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिखरावर असतो आणि मग उतरायला लागतो. उतरणीला लागलेला आकडा चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा वर वळला तर सर्जन जागा होतो.

तेव्हा रिपोर्टवर पेनने लिहून ठेवा: त्रास कधी सुरू झाला, रक्त कधी दिलं, औषध कधी सुरू केलं. सीआरपीसाठी उपाशी राहायची गरज नसते, त्यामुळे त्या कारणाने नमुना पुढे ढकलू नका.

चौथी पायरी: ईएसआर, म्हणजे नळीतला तास

ईएसआरची गंमत अशी की हिच्यात रसायनशास्त्र जवळजवळ नाहीच. उभ्या नळीत रक्त भरायचं आणि एक तास थांबायचं. वेस्टरग्रेन पद्धतीत चार भाग रक्तात एक भाग सायट्रेट मिसळतात, म्हणजे ते गोठत नाही. २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेली बारीक नळी स्टँडमध्ये अगदी सरळ उभी करतात. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर, पारदर्शक रक्तद्रवाचा थर उरतो. तासाभरात तो थर जितके मिलिमीटर झाला तो तुमचा ईएसआर.

पेशी भरभर का बसतात? तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींपासून फटकून असतात. दाहात रक्तातलं फायब्रिनोजेन वाढतं आणि हा दुरावा मोडतं. मग पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, आणि सुट्या नाण्यापेक्षा चळत लवकर तळ गाठते. पोलंडच्या एडमंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये हे टिपलं, स्वीडनच्या रॉबिन फॉरिअस यांनी १९१८ च्या सुमारास गरोदर स्त्रियांच्या रक्तात ते अभ्यासलं आणि आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये पद्धत पक्की केली. आता कमी वेळात अंदाज देणारी यंत्रंही आली आहेत, पण तुलना अजून वेस्टरग्रेनशीच करतात.

नळी सरळ असणं किती महत्त्वाचं, हे मी स्वतः चूक करून शिकलो. नवा होतो. स्टँड टेबलाच्या ज्या कोपऱ्यावर ठेवला तिथे एक पाय आखूड होता. तासाने आकडे लिहिले आणि वहीत नेऊन दाखवले. आमच्या वरिष्ठ बाईंनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय रे, आज सगळ्यांना एकदमच संधिवात झाला का?" नळी तीन अंशांनी कलली तरी ईएसआर ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. सगळे नमुने परत लावले. तेव्हापासून स्टँड ठेवला की आधी टेबल हलवून बघायची सवय लागली ती आजतागायत आहे.

ईएसआरची मर्यादा वयाबरोबर सरकते. ढोबळ हिशेब असा: पुरुषांसाठी वयाच्या निम्मं, बायकांसाठी वयात दहा मिळवून त्याचं निम्मं. म्हणजे ७० वर्षांच्या आजींचा ईएसआर ३८ असेल आणि रिपोर्टवर २० ची मर्यादा छापलेली असल्यामुळे लाल बाण उमटला असेल, तर आजींना घाबरवायचं कारण नाही. त्यांच्या वयाला ४० पर्यंत चालतं.

रक्तक्षय असला की ईएसआर वाढतो, गरोदरपणात वाढतो, मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही वाढतो. उलट तांबड्या पेशी फार जास्त असतील किंवा सिकलसेलसारखा त्यांचा आकारच बिघडलेला असेल तर चळत रचली जात नाही आणि ईएसआर खोटा कमी येतो. म्हणून ईएसआर वाचताना त्याच कागदावरचं हिमोग्लोबिन आधी बघा.

पाचवी पायरी: दोघांना शेजारी ठेवा

सीआरपी चपळ आहे, ईएसआर सुस्त. फायब्रिनोजेन रक्तात कित्येक दिवस टिकतं, त्यामुळे आजार बरा झाल्यावरही ईएसआर काही आठवडे वर राहू शकतो. सीआरपी जास्त आणि ईएसआर नेहमीसारखा असेल तर बहुधा गोष्ट ताजी आहे. सीआरपी उतरला आणि ईएसआर अजून वर असेल तर बहुधा माणूस बरा होतोय.

मात्र ईएसआर खूप जास्त आणि सीआरपी अगदी शांत, असं जोडपं दिसलं की मी थबकतो. एक उदाहरण घ्या: पासष्टीचा माणूस, दोन महिने पाठ दुखतेय, ईएसआर ११०, सीआरपी ४, हिमोग्लोबिन ९. इथे यकृताचा दाहाला प्रतिसाद नाहीच, तरी पेशी चळती रचताहेत. म्हणजे त्यांना चिकटवणारं दुसरं काहीतरी रक्तात आहे. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये एकाच साच्यातली प्रतिपिंडं भरमसाट तयार होतात आणि तीच हे काम करतात. अशा वेळी डॉक्टर रक्तातल्या प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या मदतीने प्रथिनं वेगवेगळी करून बघणं) करायला सांगतात. ईएसआर शंभरच्या पुढे गेला की त्याला कारण सापडतंच, असं धरूनच चालायचं. क्षयासारखा मुरलेला संसर्ग, कॅन्सर, रक्तवाहिन्यांचा दाह यांचा शोध घेतात.

ल्युपस, म्हणजे संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, हाही असाच चकवा. आजार भडकलेला असतो, ईएसआर चढलेला असतो, पण सीआरपी पुष्कळदा फारसा हलत नाही. म्हणून ल्युपसच्या रुग्णाला ताप आला आणि सीआरपी एकदम उसळला, तर आजार भडकला असं समजून न थांबता डॉक्टर जंतुसंसर्ग शोधतात. संधिवाताभ आमवातात (रूमेटॉइड आर्थ्रायटिस) मात्र दोन्ही उपयोगी पडतात. तिथे २८ सांध्यांपैकी किती दुखतात, किती सुजलेत, रुग्णाला स्वतःला कसं वाटतं, आणि ईएसआर किंवा सीआरपी, हे सगळं एका सूत्रात घालून आजार किती जोरात आहे ते ठरवतात. त्या सूत्रात रुग्णाचं म्हणणंही आकड्याच्या बरोबरीने मोजतात, हे मला फार आवडतं.

सहावी पायरी: 'बॅक्टेरिया की व्हायरस?' याचं उत्तर किती मिळतं

थोडं मिळतं. सीआरपी शंभराच्या वर असेल तर जिवाणूंचा संशय बळावतो. दहा-वीसच्या आत असेल आणि ताप येऊन दोन दिवस झाले असतील तर विषाणूची शक्यता जास्त. पण काही विषाणूही सीआरपी चांगलाच चढवतात, आणि मधल्या पट्ट्यात दोघांची गर्दी असते. आकडा बघून घरात उरलेलं अँटिबायोटिक सुरू करणं हा यातला सगळ्यात वाईट उपयोग.

रुग्णालयात यासाठी प्रोकॅल्सिटोनिन करतात. एरवी हे थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचा कच्चा माल म्हणून तयार होतं आणि रक्तात जेमतेम सापडतं. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की शरीरातल्या अनेक ऊती ते बनवायला लागतात. विषाणूंच्या संसर्गात शरीर जे इंटरफेरॉन सोडतं ते उलट त्याला आवर घालतं. सेप्सिसशी, म्हणजे संसर्गामुळे सगळ्या शरीरावर ओढवणाऱ्या गंभीर अवस्थेशी, त्याचा संबंध १९९३ मध्ये पुढे आला. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये ०.१ पेक्षा कमी म्हणजे जिवाणूंची शक्यता कमी, ०.५ च्या वर म्हणजे बरीच, असा साधारण अंदाज. माझ्या मते या चाचणीचा खरा उपयोग औषध सुरू करण्यापेक्षा थांबवण्यात आहे: अतिदक्षता विभागात आकडा ०.५ च्या खाली आला किंवा शिखरापेक्षा ८० टक्क्यांनी उतरला, आणि रुग्णही सुधारतोय, तर अँटिबायोटिक बंद करण्याचा विचार करतात. मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, मोठा अपघात, मूत्रपिंड निकामी होणं आणि जन्मानंतरचे पहिले दोन दिवस, या वेळी जिवाणू नसतानाही प्रोकॅल्सिटोनिन वर असू शकतं.

सातवी पायरी: हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी वेगळा वाचा

प्रथिन तेच, फक्त अगदी कमी पातळीही नेमकी मोजणारी पद्धत. ही चाचणी तापासाठी नाही, हृदयविकाराची जोखीम आजमावण्यासाठी आहे. १ पेक्षा कमी म्हणजे कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. निरोगी असताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करायची. सर्दी-तापात केली तर तो आकडा हृदयाबद्दल काहीच सांगत नाही; १० च्या वर आला तर आधी दुसरं कारण शोधायचं आणि नंतर पुन्हा करायची.

सीआरपी स्वतः रक्तवाहिन्या खराब करतो का? आनुवंशिक अभ्यासांवरून तरी तो कारण नसून खूण आहे असं दिसतं. पण दाहाचा हात खरा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँटोस या औषध-अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि हा सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या रुग्णांना कॅनाकिनुमॅब हे दाह रोखणारं औषध दिलं. कोलेस्टेरॉल हललं नाही, तरी पुढचे झटके काही प्रमाणात कमी झाले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, त्यामुळे तेच औषध सरसकट देणं काही सुरू झालं नाही.

फेरिटिनबद्दल थोडक्यात

फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं आणि दाहातही वाढतं, म्हणून फसवतं. शरीरात लोह नसूनही दाहामुळे फेरिटिन 'नॉर्मल' दिसू शकतं. रक्तक्षय असेल आणि सीआरपीही वाढलेला असेल तर फेरिटिनच्या नॉर्मल आकड्यावर विसंबू नका, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते) बघायचं का ते विचारा. हजारोंच्या घरातला आकडा मात्र वेगळी गोष्ट आहे. तो त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावा.

आठवी पायरी: आकडा कशाने हलतो, ते सांगा

लठ्ठपणा, धूम्रपान, हिरड्यांचा जुना आजार, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, आदल्या दिवशी केलेला अतिश्रमाचा व्यायाम, एवढ्याने सीआरपी थोडा वर राहू शकतो. ३ ते १० मधला एकटा आकडा आणि बाकी माणूस ठणठणीत, असं असेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांनी पुन्हा तपासणं पुरतं.

उलटी बाजू जास्त धोक्याची. टोसिलिझुमॅबसारखी औषधं इंटरल्युकिन-६ चा निरोपच अडवतात. मग यकृताला काही कळतच नाही, आणि न्यूमोनिया झालेला असूनही सीआरपी अगदी साळसूद दिसतो. असं औषध चालू असेल तर रक्त देतानाच सांगा. स्टिरॉइडमुळे सीआरपी दबतो आणि पांढऱ्या पेशींची संख्या मात्र वाढते, तेही सांगा.

रिपोर्टची वाट बघायचीच नाही असेही प्रसंग आहेत. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नव्याने डोकं दुखू लागलं, कानशिलाला हात लावला तरी दुखतंय, चावताना जबडा भरून येतोय, मध्येच एका डोळ्याने धूसर दिसतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कानशिलाच्या रोहिणीचा दाह असेल तर दृष्टी जाऊ शकते, आणि संशय पक्का असला की डॉक्टर ईएसआरचा आकडा यायच्या आधीच उपचार सुरू करतात. ताप आणि बरळणं, ताप आणि मान ताठ होणं, ताप आणि धाप लागणं, इथेही तसंच.

आता संध्याकाळी जाताना

जुने रिपोर्ट तारखेने लावा, एकक तपासा, चालू औषधांची यादी वर ठेवा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हा आकडा माझ्या लक्षणांशी जुळतो का; पुन्हा तपासायचा असेल तर केव्हा; आणि तेव्हा तो किती झाला तर उपचार बदलणार? पुन्हा तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. संसर्गावर औषध सुरू असेल तर सीआरपी दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघण्यात अर्थ आहे. ईएसआर दर दोन दिवसांनी करण्यात मात्र काही हशील नाही, त्याला दोन-तीन आठवडे तरी द्या.